सिगरेट सुटली, पण चहाचं काय?

"तीस वर्षं ओढत होता, एकदम सोडली आणि आठवड्याभरात झोप उडाली, छातीत धडधड, हात थरथरायला लागले, शेवटी परत सुरू केली आणि आता बघ कसा ठणठणीत आहे." ही गोष्ट थोड्याफार फरकाने प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक टपरीवर कुणीतरी कुणाबद्दल तरी सांगत असतं. त्यावरचा निष्कर्षही ठरलेला असतो की जुन्या ओढणाऱ्याने एकदम सोडू नये, शरीराला तिची गरज झालेली असते. निष्कर्ष साफ चुकीचा आहे, पण गोष्ट खोटी नाही. झोप खरंच उडते, बेचैनी खरंच होते. आता यातला मोठा वाटा निकोटीनचा हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण एक वाटा अशा गोष्टीचा असू शकतो जिच्यावर कुणाचा संशयच जात नाही, आणि ती म्हणजे सिगरेट सोडल्यावर "आता तेवढाच आधार" म्हणून घेतलेला चहा.

निकोटीनचं आधी उरकून घेऊ. झुरका मारल्यावर दहा-वीस सेकंदात निकोटीन मेंदूत पोचतं, तिथल्या ठरावीक रिसेप्टरवर (म्हणजे पेशीतल्या, ठरावीक रेणू बसेल अशा खाचेच्या प्रोटीनवर) बसतं, त्यातून डोपामीन सुटतं आणि बरं वाटतं. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं की मेंदू त्या रिसेप्टरची संख्याच वाढवून ठेवतो. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर हे सगळे वाढीव रिसेप्टर रिकामे बसलेले असतात, आणि म्हणूनच जुन्या ओढणाऱ्याला सकाळची पहिली सिगरेट सगळ्यात गोड लागते. सोडल्यावरची चिडचिड, भूक, कशातच लक्ष न लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं ओसरतं. रिसेप्टरची संख्याही काही आठवड्यांत न ओढणाऱ्या माणसाइतकी होते. एवढं सगळीकडे वाचायला मिळतं.

पण यात एक गोष्ट जुळत नाही. निकोटीन नाडी वाढवतं. ते बंद झालं की नाडी कमी व्हायला हवी, आणि होतेही, सोडणाऱ्यांची नाडी मिनिटाला काही ठोक्यांनी उतरते हे पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय. मग सिगरेट सोडल्यावर धडधड का व्हावी? काहींना ती काळजीने होते हे खरं, पण इथेच आपल्याला मेंदू सोडून खाली लिव्हरकडे यावं लागतं, आणि माझ्या मते सिगरेटच्या सगळ्या विज्ञानातला सगळ्यात मजेशीर भाग इथेच आहे.

तंबाखू जळते तेव्हा निकोटीनसोबत धुरात हजारो रसायनं येतात. त्यातला एक गट म्हणजे पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बनची षटकोनी कडी एकमेकींना चिकटून झालेले चपटे रेणू. काहीही अर्धवट जळलं की हे तयार होतात, लाकूड असो, डिझेल असो, कोळशावर काळं पडलेलं कबाब असो. शाळेत बेंझीनचं कडं काढलं असेल, तशी चार-पाच कडी शेजारीशेजारी जोडून बघा, तो यातलाच एखादा रेणू. फुप्फुसातून हे रक्तात आणि रक्तातून लिव्हरच्या पेशीत जातात. तिथे पेशीच्या द्रवात एक प्रोटीन दुसऱ्या प्रोटीनांना धरून गप्प बसलेलं असतं, त्याचं नाव अॅरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर. चपटा रेणू त्याच्या खाचेत बसला की हे प्रोटीन जागचं हलतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं, तिथे अर्न्ट नावाचा जोडीदार गाठतं, आणि दोघं मिळून डीएनएवरच्या एका ठरावीक छोट्याशा क्रमावर जाऊन बसतात. त्या क्रमाच्या पुढचे जीन मग जोरात वाचले जायला लागतात, आणि त्यातून एन्झाइम बनतात. त्यातलं एक सीवायपी-१ए१, दुसरं सीवायपी-१ए२.

नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, काम लक्षात ठेवा. ही शरीराची सफाईची एन्झाइम आहेत. तेलकट, पाण्यात न विरघळणाऱ्या रेणूला ऑक्सिजन जोडायचा, म्हणजे तो पाण्यात विरघळेल आणि लघवीवाटे बाहेर टाकता येईल, असा साधारण बेत. धूर आला म्हणून धूर साफ करणारी एन्झाइम वाढवली, शरीराने काही चुकीचं केलं नाही. (गंमत म्हणजे हीच सफाई उलटतेही. बेंझोपायरीन नावाच्या रेणूवर सीवायपी-१ए१ आणि त्याचे भाऊबंद काम करतात, तेव्हा मधल्या टप्प्यावर जो पदार्थ तयार होतो तो थेट डीएनएला जाऊन चिकटतो आणि फुप्फुसाच्या कॅन्सरची एक वाट तिथून सुरू होते. म्हणजे मूळ रेणू तितकासा घातक नसतो, आपणच त्याला घातक करतो. पण तो विषय वेगळ्या लेखाचा.)

आपल्याला हवंय ते सीवायपी-१ए२. हे मुख्यतः लिव्हरमध्ये असतं आणि ते फक्त धूरच साफ करतं असं नाही. कॅफिनचा रेणू घ्या, त्याला तीन मिथाइल गट असतात, त्यातला एक हे एन्झाइम तोडतं आणि कॅफिनचं पॅराझँथिन होतं. शरीरातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त कॅफिन याच वाटेने जातं. आता जोडा दोन्ही. ओढणाऱ्याच्या लिव्हरमध्ये हे एन्झाइम सतत वाढलेलं, म्हणजे त्याचं कॅफिनही भराभर साफ होतं. न ओढणाऱ्या माणसात कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, ओढणाऱ्यात साधारण तीन. म्हणून ओढणारे लोक रात्री अकराला कडक चहा पिऊन साडेअकराला घोरू शकतात आणि त्यांना वाटतं आपल्याला चहा बाधत नाही.

मग एक दिवस सिगरेट बंद होते. चपटे रेणू यायचे थांबतात, नवं एन्झाइम बनवायची ऑर्डर बंद, जुनं हळूहळू मोडीत निघतं. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात भरपूर ओढणाऱ्यांना सोडायला लावून हे रोजच्या रोज मोजलं, तर या एन्झाइमचं वाढीव काम निम्मं व्हायला सुमारे ३९ तास लागतात असं निघालं, म्हणजे पहिल्या चार-पाच दिवसांतच बहुतेक खेळ आटोपतो. नेमके तेच दिवस ज्यात निकोटीनची तलफ शिगेला असते! नळ तेवढाच सोडलाय आणि मोरीचं भोक मात्र लहान झालंय, पाणी तुंबणारच. १९८९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या नील बेनोविट्झ यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं होतं की सिगरेट सोडणाऱ्यांच्या रक्तातलं कॅफिन दुपटीहून वर गेलं आणि महिन्यांनंतरही वरच राहिलं.

दुप्पट म्हणजे किती ते आपल्या चहाने बघू. पत्ती किती आणि किती उकळला यावर आहे, पण एका कपात ५० मिलिग्रॅम कॅफिन धरा, आणि माणूस पाच कप पितोय, सकाळी ७, १०, दुपारी १, ४ आणि संध्याकाळी ७. रात्री ११ ला झोपायला गेला तेव्हा अंगात उरलं किती? तीन तासांत निम्मं या हिशोबाने सुमारे ३८ मिलिग्रॅम. पाच तासांत निम्मं या हिशोबाने सुमारे ७४. म्हणजे चहा तेवढाच, वेळा त्याच, पण सिगरेट सोडणारा जवळजवळ दीड कप चहा अंगात घेऊन आडवा होतोय. आणि बहुतेक जण चहा तेवढाच ठेवत नाहीत, हात रिकामे वाटतात म्हणून सहावा आणि सातवा पितात. कॉफीवाले असतील तर आकडे याहून मोठे. जास्त कॅफिनची लक्षणं काय, बेचैनी, चिडचिड, झोप न लागणं, धडधड, हात थरथरणं. आता पहिल्या परिच्छेदातल्या माणसाची यादी परत वाचा. त्याने परत ओढायला सुरुवात केल्यावर तो "बरा" का झाला तेही यात आलं, निकोटीन तर मिळालंच, वर काही दिवसांत मोरीही मोकळी झाली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही. म्हणून निकोटीनची च्युइंगगम किंवा पॅच घेतला तरी लिव्हरचं एन्झाइम खाली येणारच, तलफ कमी होईल पण चहाचा हिशोब बदलेलच. आणि दिवसाला वीसच्या दहा केल्या तर? फार काही होत नाही, कारण एन्झाइम जवळपास पूर्ण वाढायला दिवसाला सात ते बारा सिगरेटीसुद्धा पुरतात असं औषधांवरच्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे हळूहळू कमी करणाऱ्याला लिव्हरचा फरक आधी जाणवतच नाही, शेवटच्या काही सुटल्या की एकदम जाणवतो. बिडीलाही हेच लागू, धूर तो धूर. तंबाखू-चुना आणि गुटखावाल्यांना मात्र लिव्हरचा हा भाग जवळजवळ लागू नाही, त्यांची झुंज सगळी निकोटीनशी. आणि आपल्याकडे तेच जास्त आहेत, २०१६-१७ च्या ग्लोबल अॅडल्ट टोबॅको सर्व्हेत भारतात ओढणारे प्रौढ १०.७ टक्के आणि न ओढता तंबाखू खाणारे-लावणारे २१.४ टक्के होते.

चहापुरतं असतं तर हा नुसता गमतीचा किस्सा झाला असता, पण हेच एन्झाइम काही औषधंही साफ करतं. जुन्या ओढणाऱ्यांना दम्याला किंवा सीओपीडीला (श्वासाच्या वाटा अरुंद होण्याचा जुनाट आजार) थिओफायलिन चालू असतं (हे कॅफिनचंच चुलत भावंडं, दोन मिथाइल गटांचं). मानसिक आजारातली क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधं पण याच वाटेने जातात. डॉक्टरांनी डोस ठरवला तो ओढणाऱ्या माणसाच्या रक्तावर, आणि माणसाने चांगलं काम म्हणून सिगरेट सोडली किंवा फ्रॅक्चर होऊन दोन आठवडे हॉस्पिटलात पडला आणि आपोआप सुटली, तर तोच डोस जास्त व्हायला लागतो. थिओफायलिन वाढलं तर उलट्या, धडधड, फार वाढलं तर झटके. म्हणून यातलं काही चालू असेल तर सिगरेट सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, सोडल्यावर महिन्याने फॉलोअपला गेल्यावर नको. सांगा म्हणजे परवानगी मागा असं नाही, ते फक्त डोस बघतील. सिप्रोफ्लॉक्सासिन ही नेहमीची अँटिबायोटिकसुद्धा याच एन्झाइमला अडवते, तेव्हा सिगरेट नुकतीच सोडलेली, सिप्रो चालू आणि वर चहा, असं तिहेरी जमलं तर रात्रभर छताकडे बघत बसावं लागलं तर नवल नाही.

आता थोडं बाजारावर. गूळ खाल्ला की फुप्फुसं धुतली जातात, अमुक काढ्याने पंधरा दिवसांत तीस वर्षांचं टार बाहेर, असले फॉरवर्ड रोज येतात. गूळ जातो पोटात, तो फुप्फुसात जायला लागला तर आपण ठसक्यानेच जाऊ. फुप्फुसाची सफाई श्वासनलिकेतले बारीक केस करतात, धूर थांबला की ते पुन्हा कामाला लागतात, म्हणून सोडल्यावर काही जणांना सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो. "न सांगता चहात मिसळा, व्यसन सुटेल" वाल्या पुड्यांवर तर बोलायलाच नको, आत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि हर्बल सिगरेट म्हणजे तंबाखूऐवजी तुळस जाळलेली, लिव्हरला तुळस आणि तंबाखूच्या धुरातला चपटा रेणू वेगळा ओळखता येत नाही, त्याला फक्त आकार कळतो.

"आता साठीला सोडून काय उपयोग" हा दुसरा आवडता बचाव. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं नजर ठेवली. तिशीत सोडली तर सुमारे १० वर्षं परत मिळतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीला सोडली तरी ३. साठीच्या माणसाला तीन वर्षं थोडी वाटत असतील तर त्याने नातवंडांना विचारावं.

मग करायचं काय. सोडायचा दिवस ठरला की त्या दिवसापासून चहा-कॉफी साधारण निम्मी करायची, दुपारी तीननंतर शक्यतो नाहीच. एकदम शून्य करू नका, कॅफिन बंद झाल्याची डोकेदुखी वेगळी असते आणि एका वेळी दोन भांडणं कशाला. निम्मी केलीत तरी रक्तातलं कॅफिन जवळपास आधीइतकंच राहणार आहे, कमी प्यायल्यासारखं वाटेल जिभेला, मेंदूला नाही. दुसरा फायदा असा की चहा आणि सिगरेट ही जोडी डोक्यात पक्की बसलेली असते, टपरीवर कटिंग हातात आला की दुसरा हात आपोआप सुट्टी सिगरेट मागायला पुढे जातो (महाराष्ट्रात सुट्ट्या सिगरेटवर २०२० पासून बंदी आहे, हे टपरीवाल्याला सांगून बघा), तर टपरीच्या फेऱ्या कमी होणं हे तसंही कामाचं. तलफेसाठी गम, पॅच किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायला लाजू नका. नुसत्या जिद्दीवर सोडणाऱ्या शंभरातले तीन ते पाचच वर्षभर टिकतात, औषध आणि समुपदेशन दोन्ही जोडलं की हे प्रमाण बरंच वाढतं. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर मोफत आहे. आणि छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल तर चहावर ढकलू नका, सरळ ईसीजी काढा.

हे चहाचं पथ्य किती दिवस असा प्रश्न हमखास येतो. तलफ ओसरेल, रिसेप्टर मूळपदावर येतील, पण हे एन्झाइम परत वर जाणार नाही, कारण ते वर होतं तेच धुरामुळे. तुमचं लिव्हर आता शेजारच्या कधीच न ओढलेल्या माणसासारखं आहे आणि तो रात्री दहाला चहा विचारला की "नको, झोप येत नाही" म्हणतो ना, तसंच आता तुम्हीही म्हणायचं.