औषधाचं अंडं

आमच्या घरी अंड्याचा तवा वेगळा होता. स्वयंपाकघरात त्याला जागा नव्हती. मागच्या पडवीत खिळ्याला तो टांगलेला असे आणि त्याच्याखाली वातीचा स्टोव्ह. रविवारी सकाळी वडील तिथे उकिडवे बसून आम्लेट करत. आई कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून द्यायची, पण ताटली उंबऱ्यावर ठेवून लगेच मागे वळायची. आम्ही भावंडं पाव घेऊन रांगेत. घरात अंडं चालत नव्हतं आणि पडवीत चालत होतं, यात कुणाला काही खटकत नसे. याच आईच्या हातचं टोमॅटो ऑम्लेट मात्र राजरोस ओट्यावर व्हायचं, कारण त्यात अंडं नसतंच, बेसन असतं. नाव घ्यायचं, चव घ्यायची नाही.

पण ‘मराठी माणूस अंडं कधी खायला लागला’ हा प्रश्नच मुळात थोड्या घरांचा आहे. बाकीच्या बहुतेक घरांच्या मागे खुराडं होतंच. गंमत अशी की कोंबड्या पाळणाऱ्या घरातही अंडं रोज ताटात पडत नसे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार. त्यातली चांगली बघून दहा-बारा खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवायची, काही बाजाराच्या दिवशी विकून मीठ-तेल आणायचं, एखादं पाहुण्यासाठी राखायचं. शिवाय मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची साथ आली की आठवड्यात खुराडं रिकामं. उरलेलं अंडं जायचं आजाऱ्याला, बाळंतिणीला नाहीतर अशक्त पोराला. म्हणजे पडवीवालं घर असो की खुराडंवालं, दोन्हीकडे अंडं आलं ते औषध म्हणून. जेवण म्हणून ते बरंच नंतर रुजलं.

ही औषधाची सबब फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधीच्या सत्ताविसाव्या अध्यायात, हंस, चकोर, कोंबडी, मोर आणि चिमणी यांच्या अंड्यांचे गुण दिले आहेत. शुक्रक्षय, खोकला, हृद्रोग आणि क्षत म्हणजे जखम यांत ती हितकर, चवीला मधुर, जळजळ न करणारी आणि ताबडतोब बळ देणारी, असं चरक सांगतात. यातला हृद्रोग हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचीच मजा आहे.

विसाव्या शतकात डॉक्टरांनीही तोच कित्ता गिरवला. क्षयावर गुणकारी औषध नव्हतं तोवर मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी हाच उपचार. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, आणि ते आल्यावरही अंड्याचा सल्ला काही गेला नाही. कच्चं अंडं दुधात फेटून नाक दाबून पिणारी एक पिढीच होती. वडिलांना टायफॉइडनंतर महिनाभर ते प्यावं लागलं होतं. आम्लेटावरचं त्यांचं प्रेम बहुधा त्या महिन्याचा सूड असावा. आता कळतं की ते हाल फुकटच होते. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम ५० टक्के. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं द्रव्य असतं, ते बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं आणि पचू देत नाही. वर साल्मोनेला या जंतूची भीती वेगळीच.

चवीसाठी अंडं खायला शिकवलं ते शहरानं. मुंबईच्या इराण्याकडे सकाळी ब्रून-मस्का, चहा आणि डबल आम्लेट मिळायचं, आणि तिथं कोण कुणाच्या घरचा हे विचारायला कुणी बसलेलं नसे. पारशी मंडळींचं अंड्यावरचं प्रेम तर अफाटच. भेंडी असो, टोमॅटो असो, बटाट्याच्या सळ्या असोत, वर अंडं फोडून घातलं की ‘पर ईडु’ तयार. सकाळची अकुरी त्यांचीच, आणि आपली भुर्जी तिची तिखट चुलतबहीण म्हणायला हरकत नाही. खाली गोव्यात गाड्यावर रोस आम्लेट मिळतं: आम्लेटावर शागुतीचा गरम रस्सा ओतायचा आणि पावानं पुसून खायचं. तिकडच्या बेबिंका या थरांच्या गोड पदार्थात नुसते बलक जातात, ही पोर्तुगिजांची देणगी.

तरीही अंडं रोजचं व्हायला आधी ते स्वस्त व्हायला हवं होतं. १९५०-५१ मध्ये देशात वर्षाला १८३ कोटी अंडी होत, म्हणजे माणशी पाच. दसरा-दिवाळीसारखंच, मोजून. मग सरकारी कुक्कुटपालन केंद्रं निघाली, त्यातलं आपल्याकडचं गोरेगावच्या आरे वसाहतीत. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या पिंजऱ्यात आल्या. मूळच्या इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावाची ही जात खुडूक बसायचंच विसरलेली, म्हणून वर्षभर अंडी देत राहते. लोकांनी तिच्या अंड्यांना ‘इंग्लिश अंडी’ हे नाव देऊन टाकलं आणि गावठी ते खरं, हा वाद सुरू केला. वाद चवीपुरता ठीक. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा खाद्यावर. पोषणात म्हणावा असा फरक पडत नाही.

१९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज ही कोंबडीपालनातली कंपनी सुरू केली, पुढे तिचा कारभार पुण्याहून चालू लागला. अंडी वाढली तसा भाव कोसळायला लागला, कारण भाव ठरवायचा व्यापारी आणि मरायचा पोल्ट्रीवाला. खाद्याचा खर्चही सुटेना, तेव्हा राव यांनी गावोगावच्या पोल्ट्रीवाल्यांना एकत्र आणलं आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तेव्हापासून शेकड्याचा भाव समिती जाहीर करते. दुधात सहकारानं जे केलं त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे, पण तिचं कौतुक मराठीत फारसं झालेलं नाही. लक्षात राहिली ती दूरदर्शनवरची जाहिरात, ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’. तिचा मोठा गुण असा की तिच्यात आजारी माणूस नव्हता. २०२३-२४ मध्ये देशातलं उत्पादन १४ हजार कोटी अंड्यांच्या पुढे गेलं आणि माणशी आकडा १०३ वर पोचला.

अंडं औषधाच्या कपाटातून बाहेर पडतंय तोच डॉक्टरांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रोहिण्यांत, म्हणजे धमन्यांत, चरबीचे थर साचलेले दाखवले. ससा गवत खाणारा, त्याला कोलेस्टेरॉलची सवय कुठली, ही शंका होतीच. पण १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं आठवड्याला तीनहून जास्त बलक नकोत, असं सांगितलं. चरकांनी हृद्रोगात जे द्या म्हटलं, तेच आता हृदयासाठी बंद. आपल्याकडे हे जरा उशिरा पोचलं, पण पोचलं ते पक्कं. मधुमेह-रक्तदाबवाल्या काकांच्या ताटातून बलक गेला आणि पांढरं राहिलं. खरं तर अंड्यातली अ, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वं, कोलीन, सगळी शिदोरी त्या पिवळ्यातच. २०१५ मध्ये अमेरिकेच्या आहार-शिफारशींतून रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा निघाली. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीनं रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त वाढतं, हे तोवर पुरतं कळलं होतं. ज्यांचं मुळातच वाढलेलं आहे किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी किती खायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी अंड्याला दोष देण्याआधी ते कशात तळलंय ते बघावं.

तेलाची चिंता असेल तर रायगडकडची पोपटी बघा. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, बटाटे, रताळी आणि मधे टरफलासकट अंडी. मीठ आणि ओवा भुरभुरायचा आणि पाल्यानंच तोंड बंद करायचं. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा नाही. अर्ध्या तासानं मडकं सुलटं करून उघडलं की पाल्याचा तो वास अंड्याच्या आतपर्यंत गेलेला असतो. आजोळी मामा अंगणात हा जाळ करायचा आणि आम्ही शेंगा बाजूला सारून अंडी शोधायचो. घरच्या गॅसवर हे होत नाही. तिथे आपलं अंड्याचं कालवण बरं: भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, पातळ रस्सा आणि उकळी आल्यावर थेट त्यातच अंडी फोडायची. हलवायचं नाही. आणि उकडायचीच असतील तर दहा मिनिटं पुरेत. जास्त उकडली की बलकाभोवती हिरवट कडं येतं, ती गंधक-लोहाची करामत. अगदी ताजी अंडी नीट सोलतही नाहीत, चार-पाच दिवसांची बरी.

गेल्या वर्षी आईचा खुबा मोडला. वय शहात्तर, प्रथिनं कमी, डॉक्टरांनी अंडं लिहून दिलं. पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून, पाण्याबरोबर गोळी गिळावी तसं खाल्लं. हाड जुळून आता सात महिने झाले. रोज अकराला एक अंडं होतं, तेही ओट्यावरच्याच पातेल्यात, वर मीठ आणि मिरपूड. परवा तिचा फोन आला, येताना घेऊन ये म्हणाली, औषध संपत आलंय, दोनच उरल्येत.