दीड लिटर टर्बो आणि वीस लाखांची वेस

सातारा-सांगली पट्ट्यात मोठी सेडान म्हणजे एकेकाळी डिझेलच. २००१ मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाचं नाव झालं ते १.९ टीडीआय या डिझेल इंजिनामुळे. खंबाटकी घाटाच्या चढाला कमी आरपीएमवर (इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर) मिळणारा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, आणि स्वस्त इंधन, गिऱ्हाइकाला एवढं पुरेसं होतं. २००४ ची १५० पीएसची (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्तीच) पेट्रोल आरएस, ऑक्टाव्हियाचीच जास्त ताकदीची आवृत्ती, हौशी लोकांपुरतीच राहिली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, स्वस्ताई ओसरली आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम येताच स्कोडा-फोक्सवॅगनने इथलं डिझेल बंदच केलं.

आरएसच्या किमती पाहा. २०१७ ची २३० पीएसची २४.६२ लाखांना होती. २०२० मध्ये २४५ पीएसची आली ती थेट आयात होऊन, ३५.९९ लाखांना. पीएस वाढले १५, किंमत ११.३७ लाखांनी, यात इंजिनापेक्षा आयातशुल्काचा वाटा मोठा. तेव्हा २०० गाड्या आणल्या. २०२५ मध्ये ४९.९९ लाखांना फक्त १००. सगळ्या खपल्या, पण शंभर गाड्या खपणं म्हणजे बाजार मिळणं नव्हे.

खरा बाजार १४९८ सीसीच्या, म्हणजे दीड लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा. २०२२ मध्ये स्कोडाची स्लाव्हिया १०.६९ लाखांपासून सुरू झाली, पण दीड लिटर इंजिन फक्त वरच्या स्टाइल व्हेरिएंटमध्ये, १६.१९ लाखांना. सनरूफ नको, नुसतं इंजिन हवं, अशा माणसाला दारच बंद. फोक्सवॅगनच्या व्हर्टसनेही सुरुवातीला तेच केलं: दीड लिटर फक्त वरच्या जीटी प्लसमध्ये, तेही डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह, १७.९१ लाख. मॅन्युअल यायला २०२३ उजाडलं. त्याच वर्षी १६० पीएसची ह्युंदाई व्हर्ना टर्बो मॅन्युअल १४.८४ लाखांपासून आली. हे शहाणपणाचं होतं.

त्यावर महाराष्ट्राचा वाहनकर. पेट्रोलला १० ते २० लाखांत १२ टक्के, त्यापुढे १३, आणि तो पूर्ण किमतीवर. १९.९९ लाखांच्या गाडीला सुमारे २.४० लाख, २०.१० लाखांच्या गाडीला २.६१ लाख. किमतीत ११ हजारांचा फरक, करात २१ हजारांचा! कंपनीने किंमत थोडी वाढवून ही वेस ओलांडली की ऑन-रोडचा आकडा ऐकून माणूस खालच्या व्हेरिएंटकडे वळतो.

स्लाव्हियात सुरुवातीला मॅन्युअल आणि डीएसजीत १.६० लाखांचं अंतर होतं. या सात गिअरच्या डीएसजीचे क्लच कोरडे, म्हणजे तेलाने थंड न होणारे, आणि टॉर्कची मर्यादा २५० एनएम (न्यूटन-मीटर); इंजिन देतं तेही २५०. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात रांग लागली की चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नये. क्लच अर्धवट घसरत राहून तापतो. ब्रेक दाबून थांबावं, पुढे पुरेशी जागा झाली की एका दमात ब्रेक सोडावा.