ज्यू वंश आणि ज्यू धर्मदर्जा

घराण्यात कोणी ज्यू होते का, हा एक प्रश्न आहे आणि धर्मशास्त्रानुसार आपण स्वतः ज्यू ठरतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जुनी कागदपत्रे, कबरींवरील लेख आणि अलीकडे डीएनए चाचणी यांच्या आधारे मिळू शकते, आणि ते कमीजास्त असू शकते. एकच पणजोबा ज्यू असेल, तर वंशाचा आठवा हिस्सा ज्यू, असे म्हणता येते. दुसऱ्या प्रश्नात हिस्से नसतात. हलाखा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र, आई ज्यू आहे का किंवा धर्मन्यायमंडळापुढे रीतसर धर्मप्रवेश झाला आहे का, एवढेच पाहते. त्यामुळे ज्याचे केवळ वडील ज्यू आहेत तो ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) लेखी ज्यू नाही, तर पूर्वजांत एकही ज्यू नसलेली, पण रीतसर धर्मप्रवेश केलेली स्त्री आणि तिची त्यानंतर जन्मलेली मुले पूर्णपणे ज्यू आहेत. (अमेरिकेतील रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, पंथाने १९८३ साली, ज्यू म्हणून वाढलेल्या मुलांच्या बाबतीत वडिलांचा वारसाही मान्य केला, ऑर्थोडॉक्स पंथाला तो मान्य नाही.)

इस्रायलमध्ये या गोंधळात कायद्याची भर पडते. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्यात १९७० साली दुरुस्ती होऊन ज्यू व्यक्तीच्या नातवंडांनाही स्थलांतराचा हक्क मिळाला. मात्र तेथे ज्यूंचे विवाह मुख्य रब्बीनेटच्या, म्हणजे रब्बींच्या अधिकृत सर्वोच्च संस्थेच्या, अखत्यारीत असल्याने, वडिलांकडच्या आजोबांमुळे नागरिक झालेल्या माणसाला लग्नाच्या वेळी नकार मिळू शकतो.

हा फरक आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने प्रत्यक्ष सोसला आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण आलो, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून गावोगावी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. इस्रायलमध्ये गेल्यावर १९६२ साली रब्बीनेटने आदेश काढला की, त्यांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आक्षेप केवळ मुळाविषयी नव्हता. शतकानुशतके वेगळ्या राहिलेल्या या समाजात घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का, ही शंका होती. १९६४ साली जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता दिली आणि आदेशातील त्यांचा खास उल्लेख गळला. ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश या समाजात मिसळले असल्याचे दाखवणारा जनुकीय अभ्यास २०१६ साली आला. तो वंशाविषयी पुष्कळ सांगतो. पण ज्या शंकेवरून वाद पेटला होता, तिचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणारे नव्हते.

म्हणून शोध कशाचा आहे, हे आधी ठरवावे. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे वडिलांकडचे गाव सांगतात. धर्मदर्जाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग थोडाच. तिथे आईचे माहेर शोधावे लागते: आईच्या आईवडिलांचा केतुबा, म्हणजे विवाहपत्र, सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनामंदिराच्या) नोंदवहीतील त्यांच्या लग्नाची नोंद, ज्यू दफनभूमीतील आजीची कबर. आई किंवा आजी धर्मप्रवेश करून आलेली असेल, तर प्रमाणपत्रावर कोणत्या धर्मन्यायमंडळाचे नाव आहे हेही पाहावे, कारण प्रत्येक मंडळाचा निर्णय प्रत्येक रब्बी स्वीकारतोच असे नाही.