ग्रो लाइटचा बॅलास्ट: डिजिटल घ्यायचा की जुना तांब्याचा चोकच बरा?

घरात झाडं वाढवायला लावतात तो सोडियमचा किंवा मेटल हॅलाइडचा दिवा थेट मेन्सला जोडला तर काय होईल? आधी तर काहीच होणार नाही, कारण तो पेटायलाच दोन-चार हजार व्होल्टचा झटका लागतो. आणि समजा कसाबसा पेटलाच तर क्षणात फ्यूज तरी उडेल नाहीतर दिवा तरी. आतल्या तापलेल्या वायूतून जी आर्क चालू असते तिचा स्वभावच उफराटा आहे, करंट वाढला की तिचा रेझिस्टन्स कमी होतो, तो कमी झाला की करंट अजून वाढतो, आणि हे थांबायचं नावच घेत नाही. तो करंट आवरून धरणं हे दिवा आणि मेन्स यांच्या मध्ये बसणाऱ्या डब्याचं, म्हणजे बॅलास्टचं, मुख्य काम. झाडांना बॅलास्टशी काही घेणंदेणं नाही, त्यांना पानावर किती प्रकाश पडतो एवढंच कळतं, हे डोक्यात ठेवलं की दुकानदारांच्या निम्म्या दाव्यांची हवा तिथेच निघते.

मॅग्नेटिक बॅलास्ट, म्हणजेच जुना चोक, हा पातळ लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची (स्वस्तातल्यात अॅल्युमिनियमची) तार. कॉइल करंटच्या बदलाला विरोध करते, त्यामुळे करंट हाताबाहेर जात नाही आणि रेझिस्टर लावला असता तर जेवढी वीज नुसती तापण्यात गेली असती तेवढी जात नाही. सोबतीला पेटवायचा झटका देणारा इग्नायटर आणि पॉवर फॅक्टर सुधारायला (म्हणजे मेन्समधून विनाकारण जादा करंट ओढला जाऊ नये म्हणून) एक कपॅसिटर, बस्स. हजार वॅटचा डबा उचलताना कंबर सांभाळावी लागते आणि चालू असताना तो गुणगुणतो. ते गुणगुणणं बिघाड नाही, चुंबकत्व आलं-गेलं की लोखंड अगदी किंचित लांबतं-आखडतं, ५० हर्ट्झच्या विजेत हे सेकंदाला १०० वेळा होतं, तोच तो आवाज. डब्यावर हात ठेवला तर थरथर बोटांना जाणवते. पत्रे सैल झाले की मात्र खडखड सुरू होते.

डिजिटल बॅलास्ट मेन्सची एसी आधी डीसी करतो आणि मग ट्रान्झिस्टर भराभर चालू-बंद करून, बऱ्याच मॉडेलमध्ये सेकंदाला हजारो वेळा, दिव्याला हवी तशी वीज देतो. फ्रिक्वेन्सी जास्त म्हणून कॉइल छोटी पुरते, म्हणून डबा हलका, आणि कानाला ऐकू येणार नाही असा. चिप बसवलेली असल्यामुळे ५० किंवा ७५ टक्क्यांवर डिम करता येतं, बऱ्याच मॉडेलवर सोडियम आणि हॅलाइड दोन्ही दिवे चालतात. व्होल्टेज वरखाली झालं तरी दिव्याला जाणारी पॉवर स्थिर राहते, हा मला सगळ्यात कामाचा फायदा वाटतो, कारण साध्या चोकवर व्होल्टेज ५ टक्के पडलं की दिव्याची पॉवर १० टक्क्यांच्या आसपास पडते.

आता वीज किती वाचते ते बघू. हजार वॅटच्या दिव्यासाठी मॅग्नेटिक सेट भिंतीतून साधारण १०८० ते ११०० वॅट ओढतो, चांगला डिजिटल १०४० ते १०६०. फरक ५० वॅटचा धरला तर रोज १२ तासांचे ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट. वाईट नाही, पण बॉक्सवर जे ‘३० टक्के जादा उजेड’ वगैरे छापलेलं असतं त्याच्या जवळपासही नाही. या दाव्याचं मूळ बहुधा ट्यूबलाइटमध्ये असावं. ट्यूब २० किलोहर्ट्झच्या वर चालवली की तेवढ्याच विजेत खरंच १० टक्क्यांच्या आसपास जास्त प्रकाश देते. सोडियम आणि हॅलाइडच्या दाबाखालच्या आर्कला नुसत्या फ्रिक्वेन्सीमुळे असा फायदा जवळजवळ होत नाही.

मग डिजिटलवाले सेट मोजमापात पुढे का दिसतात? २०१४ मध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेकब नेल्सन आणि ब्रूस बगबी यांनी ग्रो लाइट मोजले होते. जुन्या, एका बाजूला स्क्रूची टोपी असलेल्या सोडियम फिक्स्चरला एका ज्यूलमागे १.०२ मायक्रोमोल फोटॉन (म्हणजे खर्चलेल्या विजेच्या मानाने मिळणारा प्रकाश), आणि दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या नव्या डबल-एंडेड सोडियमला १.७ च्या आसपास. मोठी उडी आहे ही! पण ती एकट्या बॅलास्टची करामत नाही, दिवा वेगळा, रिफ्लेक्टर वेगळा, आणि तो दिवा मुळात इलेक्ट्रॉनिक बॅलास्टवर चालवायलाच बनवलेला. जुन्याच दिव्याला नुसता डिजिटल डबा जोडून हा फरक मिळेल असं समजू नका.

दिवा आणि बॅलास्ट यांच्या जोडीचं हे प्रकरण दिसतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. दिव्याच्या आत बोटाएवढी एक नळी असते, आर्क तिच्यात जळते. ठराविक फ्रिक्वेन्सीवर वीज दिली की नळीतल्या वायूत दाबाच्या लाटा उभ्या राहतात, बासरीत हवा घुमते तशाच, आणि आर्क वाकडी व्हायला लागते, प्रकाश थरथरतो, आर्क भिंतीला टेकली तर नळीला तडा जाऊ शकतो. याला अकूस्टिक रेझोनन्स म्हणतात. म्हणून काही डिजिटल बॅलास्ट मुद्दाम शे-दोनशे हर्ट्झची चौकोनी लाट वापरतात आणि काही इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला जातात की लाटा उभ्याच राहत नाहीत. दिव्याच्या डेटाशीटवर इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट चालतो असं लिहिलं नसेल तर महागड्या डिजिटलवर तो लावू नये, साधा चोक अशा दिव्याला जास्त मानवतो.

मिटमिटीचा मुद्दाही नेहमी निघतो. चोकवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद होतो, मग झाडाचं नुकसान होत नाही का? १९३२ मध्ये रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम आर्नोल्ड यांनी क्लोरेला या शेवाळावर अगदी क्षणभराचे प्रकाशाचे झोत टाकून दाखवलं होतं की प्रकाशसंश्लेषणात प्रकाश टिपायचं काम झटपट होतं आणि त्यापुढच्या रासायनिक कामाला सेकंदाचे काही शतांश भाग लागतात. दिवा मंद होतो तो दर शतांश सेकंदाला एकदा, म्हणजे पानाचं मागचं काम अजून चालूच असतं तोवर पुढचा उजेड हजर. झाडाला त्याचं काही वाटत नाही. त्रास झाला तर माणसाला होतो, अशा उजेडात पंख्याची पाती कधीकधी थांबल्यासारखी दिसतात, म्हणून हात घालायच्या आधी स्विच बंद करा.

डिजिटलचं दुखणं म्हणजे उष्णता. आतले इलेक्ट्रोलायटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर तापले की सुकतात, ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. ग्रो रूम म्हणजे गरम आणि दमट, आणि तिथेच कोपऱ्यात लोक तो डबा ठेवतात. चोकमध्ये सुकण्यासारखं फार काही नाही, इग्नायटर किंवा कपॅसिटर गेला तर स्क्रू काढून दुसरा लावला की झालं, डिजिटलचं बोर्ड गेलं की बहुतेक वेळा अख्खा डबाच फेकावा लागतो. शिवाय भराभर स्विचिंगमुळे स्वस्त डिजिटल बॅलास्ट रेडिओवर भयंकर खरखर करतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना एआरआरएल याच कारणाने रेडिओ आणि दूरसंचाराचे नियम बघणाऱ्या सरकारी एफसीसीकडे तक्रार घेऊन गेली होती, त्यामुळे फिल्टर नीट असलेला आणि प्रमाणपत्र असलेलाच घ्या.

चालू असलेला मॅग्नेटिक सेट फक्त ‘जुना’ म्हणून काढून टाकायची मला तरी गरज दिसत नाही, तो खोलीबाहेर नेऊन ठेवला की आवाज आणि उष्णता दोन्ही बाहेर जातात. फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवा. सोडियमचा दिवा म्हातारा झाला की त्याला लागणारं व्होल्टेज वाढत जातं, शेवटी चोकला ते पुरवता येत नाही, दिवा विझतो, थंड होतो, पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो, आणि इग्नायटर बिचारा दिवसभर झटके देत बसतो. बरेचसे डिजिटल बॅलास्ट हे ओळखून स्वतःच बंद पडतात. चोकवर असं दिसायला लागलं की इग्नायटर जायच्या आधी दिवा बदला.

नवीनच सुरुवात करणारा हल्ली एलईडीकडे जातो, आणि ते बरोबरच आहे, पण तिथेही ड्रायव्हर नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा असतोच आणि बऱ्याचदा त्यात तेच सुकणारे कपॅसिटर. ड्रायव्हरच्या अंगावर एक छोटा ठिपका आणि त्याशेजारी ‘टीसी’ (tc) असं लिहून तापमान दिलेलं असतं. तास-दोन तास दिवा चालवून त्या ठिपक्यावर थर्मामीटर लावा, आकडा लेबलपेक्षा बराच खाली असेल तर ठीक, टेकला असेल तर डबा खोलीबाहेर काढा.