कीलची हँडबॉल मॅच: निघायच्या आधी हे वाचा, आणि ट्रेनचा डबा बघून बसा

नमस्कार मंडळी,

बुकिंग केलंत, मनापासून आभार. हे पत्रक प्रत्येकाला पाठवतो, कारण त्याच त्या चार गोष्टी दर वेळी विचारल्या जातात, आणि एक चूक अशी आहे की तिच्यापायी दर सीझनला कोणाची तरी मॅच बुडतेच. ती आधी सांगते, क्लबचा इतिहास नंतर.

हॅम्बुर्गहून कीलला यायला जी आरई७ (रीजनल एक्सप्रेस) गाडी आहे ती न्यूम्युन्स्टर स्टेशनवर दोन भागात तुटते. अर्धी गाडी कीलला येते आणि अर्धी जाते फ्लेन्सबुर्गला, म्हणजे पार डेन्मार्कच्या बॉर्डरपाशी. अनाउन्समेंट होते पण ती जर्मनमधे, आणि आपली मंडळी तोवर गप्पांत नाहीतर झोपेत. मागच्या सीझनला कोल्हापूरहून मुलाकडे आलेले एक काका-काकू असेच चुकीच्या अर्ध्यात बसले. मी इकडे कील स्टेशनवर उभी, आणि ग्रुपवर काकांचा फोटो आला, खाली मोठा कालवा, गाडी एकदम उंच पुलावर, आणि लिहिलेलं "कील कॅनॉल आला, पोचतोच". कालवा बरोबर होता हो, पण तो पूल रेन्ड्सबुर्गचा, फ्लेन्सबुर्गच्या वाटेवरचा! लगेच फोन करून त्यांना रेन्ड्सबुर्गला उतरवलं, तिथून उलट कीलची गाडी पकडून ते आले तेव्हा दुसरा हाफ चालू झालेला. काकू रडवेल्या झाल्या होत्या, मलाही फार वाईट वाटलं, कारण तिकीट परत होत नाही आणि गेलेली मॅच तर नाहीच नाही.

तर डब्याच्या दारावर आणि आतल्या स्क्रीनवर शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, तिथे कील आहे का बघायचं आणि मगच बसायचं. काही गाड्या सरळ कीललाच येतात, त्यांचा प्रश्न नाही. पण कुठली कशी हे लक्षात ठेवण्यापेक्षा प्रत्येक वेळी बोर्ड बघणं सोपं.

आणि फ्लेन्सबुर्गलाच जाणं म्हणजे काय हे जरा समजून घ्या, कारण त्यातच इथल्या हँडबॉलची निम्मी गोष्ट आहे. आपण ज्या क्लबची मॅच बघायला येताय त्या टीएचडब्ल्यू कीलचा (इथले लोक "टे-हा-वे" म्हणतात) सगळ्यात कट्टर प्रतिस्पर्धी म्हणजे एसजी फ्लेन्सबुर्ग-हांडेविट. एकाच राज्यातले दोन क्लब, मधे जेमतेम ऐंशी-नव्वद किलोमीटर. २००७ मधे चॅम्पियन्स लीगची फायनल या दोघांतच झाली, तेव्हा फायनल दोन मॅचची असायची, फ्लेन्सबुर्गमधे २८-२८ बरोबरी आणि मग कीलमधे २९-२७. कील पहिल्यांदा युरोपचा चॅम्पियन झाला तो असा, शेजाऱ्याला दोन गोलांनी हरवून. आणि २०१४ मधे फ्लेन्सबुर्गने तीच फायनल ३०-२८ ने जिंकून हिशोब चुकता केला. अगदी २०२१ ला सुद्धा लीगच्या शेवटी दोघांचे पॉइंट सारखे, आपसातल्या मॅचेसमधे कील सरस म्हणून ट्रॉफी कीलला. तुमची ट्रेन जिथे तुटते ना, तिथून इथल्या लोकांची निष्ठा पण तुटते असं समजा.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न, "तुम्ही अडीच तास आधी का बोलावता, मॅचच्या वेळेला आलो तर नाही का चालणार?" नाही चालणार, आणि आम्ही हे उगाच ताणत नाहीये. एक तर फुटबॉलची सवय डोक्यातून काढा. हँडबॉलचे दोन हाफ, तीस-तीस मिनिटांचे, मधे पंधरा मिनिटं, टाइमआउट वगैरे धरून दीड तासात खेळ खलास. पण त्या साठ मिनिटांत दोन्ही बाजूंचे मिळून साधारण पन्नास-साठ गोल होतात. म्हणजे पंधरा मिनिटं उशीर केलात तर डझनभर गोल गेले. आणि दुसरं म्हणजे हॉलमधे एकदा ढोल आणि टाळ्या सुरू झाल्या की मला काहीच सांगता येत नाही, शेजारच्याचं ऐकू येत नाही. हा कोण, तो कोण, भिंतीवर हे आकडे कसले, हे सगळं आधी चालता चालता सांगावं लागतं. म्हणून स्टेशनपासून बंदराच्या कडेने, हॉर्न नावाची खाडी आहे तिथला घडी होणारा पूल बघत, रातहाउसच्या (म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीच्या) चौकातून हॉलकडे असा आपला फेरा आहे. ज्यांनी हा फेरा केलाय ते मॅच वेगळ्याच नजरेने बघतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

फेऱ्यात काय सांगते त्याची चव इथे देते, म्हणजे प्रश्न तयार ठेवून याल.

टीएचडब्ल्यू म्हणजे टुर्नफेराइन हासे-विंटरबेक. हासे आणि विंटरबेक ही कीलच्या दक्षिणेकडची ठिकाणं, आणि टुर्नफेराइन म्हणजे आपल्याकडची तालीम किंवा व्यायामशाळा म्हणा ना. १९०४ साली सुरू झाली ती व्यायामासाठी, हँडबॉल आला १९२३ ला. तेव्हाचा हँडबॉल मैदानावरचा, फुटबॉलच्या ग्राउंडवर, अकरा-अकरा जणांचा. त्यात कीलने १९४८ आणि १९५० ला जर्मनीचं विजेतेपद मिळवलं, युद्धात हे शहर बॉम्बिंगने उद्ध्वस्त झालेलं, त्यानंतर तीन ते पाच वर्षांतली ही गोष्ट आहे. हाइन डालिंगर हा त्या काळातला मोठा हिरो, लाडाने त्याला "हाइन डाडेल" म्हणायचे.

हॉलमधला पहिला जर्मन किताब १९५७ चा, मग १९६२, १९६३. आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. "नेटवर एकीकडे तेवीस लिहिलंय, दुसरीकडे पंचवीस, खरं काय?" हे मला दर ट्रिपला विचारतात. तेवीस हे हॉलमधले, २०२३ चा धरून. मैदानावरचे ते दोन वेगळे, ते मिळवले की पंचवीस. दोन्ही बरोबर, मोजणी वेगळी. जर्मन कप वेगळाच, तो तेरा वेळा, शेवटचा २०२५ ला. आणि चॅम्पियन्स लीग चार, २००७, २०१०, २०१२, २०२०. त्याच्या खालची युरोपची स्पर्धा, ईएचएफ कप, तोही चार वेळा. कृपया चॅम्पियन्स लीग आणि बुंडेसलीगा एकात मिसळू नका, बुंडेसलीगा म्हणजे फक्त जर्मनीतले क्लब, वर्षभर सगळे सगळ्यांशी खेळतात, आणि इथल्या लोकांना विचाराल तर तीच जास्त अवघड.

१९६३ नंतर जे झालं ते मला जास्त आवडतं सांगायला. तब्बल ३१ वर्षं एकही जर्मन किताब नाही! या काळात गुमर्सबाख नावाच्या छोट्या गावाचा क्लब बारा किताब घेऊन बसला, सगळे म्हणायचे हा आकडा आता कोणी गाठत नाही. मग १९९० ला स्वीडनहून माग्नुस विस्लांडर आला, आणि १९९३ ला कोच म्हणून नोका सेर्दारुशिच. पहिल्याच सीझनला, १९९४ मधे, किताब. मग ९५, ९६, ९८, ९९, २०००, २००२, थांबायचं नावच नाही. विस्लांडर या सातही टीममधे होता, पुढे त्याला आंतरराष्ट्रीय हँडबॉल संघटनेने शतकातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. २००६ ला कीलने गुमर्सबाखचा बाराचा आकडा गाठला आणि २००७ ला मागे टाकला, त्याच वर्षी लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही. गोलात तेव्हा फ्रान्सचा थियेरी ओमेयर, आणि मैदानात निकोला काराबातिच. ज्यांनी हँडबॉल कधी बघितला नाही त्यांना सांगते, सहावागने ओपनिंगला येऊन पहिल्या बॉलपासून मारायला घ्यावं तसं काराबातिचचं खेळणं होतं.

२००८ ते २०१९ कोच होता आइसलँडचा आल्फ्रेड गिस्लासन. आणि आता माझी स्वतःची गोष्ट. आम्ही दोघं २०११ च्या शरद ऋतूत कीलला आलो, मी मूळची सांगलीची, खेळाशी संबंध शाळेतल्या खो-खोपुरता. ऑफिसमधल्या एकीने मॅचला नेलं. त्या सीझनला कीलने लीगमधल्या ३४ च्या ३४ मॅचेस जिंकल्या, ६८ पैकी ६८ पॉइंट, जर्मन लीगमधे असं आधी कधीच झालेलं नव्हतं. आणि जोडीला कप आणि चॅम्पियन्स लीग पण, फायनलला अॅटलेटिको माद्रिदला २६-२१. मी नवखी, मला वाटलं हे असंच असतं, ही टीम हरतच नाही. पुढे हरताना बघितलं तेव्हा कळलं की ते वर्ष काय होतं.

२०१४ चा शेवटचा दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. कील आणि राइन-नेकार लोव्हन, दोघांचे पॉइंट सारखे, आणि गोलांच्या फरकात लोव्हन सात गोलांनी पुढे. कीलची मॅच घरी बर्लिनच्या फुक्सेशी, लोव्हनची गुमर्सबाखला, दोन्ही एकाच वेळी. हॉलमधे जो तो एक डोळा ग्राउंडवर आणि एक फोनवर. लोव्हन ४०-३५ ने जिंकले, म्हणजे अजून पाच पुढे गेले. आणि कील ३७-२३! चौदाचा फरक. हिशोब करा, सात अधिक पाच बारा, चौदातून बारा गेले की दोन. अख्ख्या वर्षाच्या ३४ मॅचेस आणि किताब दोन गोलांवर. म्हणून हॉलमधे टीम दहा गोलांनी पुढे असली तरी शेवटच्या मिनिटाला सगळे उभे राहून ओरडतात. "आता जिंकले की, निघूया का, ट्रेन गाठू" असं म्हणणाऱ्या आमच्या ग्राहकांना मी हात जोडून बसवते ते याचसाठी. परतीची गाडी आम्ही मोकळा वेळ धरूनच सुचवतो, काळजी करू नका.

फिलिप यिखाचं नाव पण लक्षात ठेवा. चेक माणूस, कीलकडून २००७ ते २०१५ खेळला, २०१० ला जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०१९ पासून तोच कोच. खेळाडू म्हणून दोन चॅम्पियन्स लीग आणि कोच म्हणून २०२० ची. ती फायनल करोनामुळे पुढे ढकलत ढकलत २९ डिसेंबरला कोलोनच्या रिकाम्या हॉलमधे झाली, सेमीफायनल हंगेरीच्या वेस्प्रेमशी एक्स्ट्रा टाइममधे ३६-३५, आणि दुसऱ्याच दिवशी बार्सिलोनाला ३३-२८. आम्ही घरी टीव्हीसमोर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एरवी रातहाउसच्या बाल्कनीत टीम येते आणि खाली सगळा चौक काळा-पांढरा होतो, त्या वर्षी काहीच नाही. (काळे-पांढरे पट्टे म्हणून टीमचं टोपणनाव झेब्रा. काळा किंवा पांढरा टीशर्ट घालून या, नसेल तर आमच्याकडे मफलर मिळतील, दुकानातल्यापेक्षा स्वस्तात.)

हॉलबद्दल एकच, कारण आत शिरल्यावर सगळे वर बघतात. हा सांगाडा मूळचा विमानांच्या हँगरचा, सिल्ट बेटावरून उचलून आणून इथे उभा केला, १९५१ साली. नाव स्पॉन्सरप्रमाणे बदलत गेलं, पण म्हाताऱ्या माणसांना रस्ता विचारलात तर "ओस्टझेहाले" म्हणा, लगेच कळतं. दहा हजारांवर लोक मावतात आणि बऱ्याच सीट सीझन तिकीटवाल्यांच्या, काही घरांत तर वडलांची सीट मुलाकडे आलीये. म्हणून आम्ही तिकिटं महिनोन् महिने आधी घेऊन ठेवतो आणि म्हणूनच शेवटच्या आठवड्यात कॅन्सल केलं तर पैसे देऊ शकत नाही. यावर काहीजण नाराज होतात, पण ते पैसे आमच्या हातातून आधीच गेलेले असतात. तुमच्या जागी दुसरं कोणी येणार असेल तर नाव बदलून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

"हॅम्बुर्गलाच बघितलं तर, एवढं लांब कशाला?" हा पण प्रश्न येतो. जरूर बघा. एचएसव्ही हॅम्बुर्ग २०११ ला जर्मन चॅम्पियन होता, २०१३ ला युरोपचा पण, आणि २०१६ च्या जानेवारीत पैशाअभावी मधेच लीगमधून बाहेर पडला. खालून परत चढत २०२१ ला पुन्हा वरच्या लीगमधे आला, मला त्या लोकांचं खरंच कौतुक आहे. पण पहिली मॅच कोणी विचारली तर मी कीलच सांगणार, इथे हा खेळ शहराचा आहे, बेकरीवाली बाईसुद्धा सकाळी कालच्या गोलकीपरबद्दल बोलते.

मुलांसाठी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, २०२३ ला भारतात प्रीमियर हँडबॉल लीग झाली, जयपूरला, आणि पहिली ट्रॉफी महाराष्ट्र आयर्नमेनने उचलली. इथे वाढलेल्या मराठी मुलांना हे माहीतच नसतं, ऐकलं की डोळे चमकतात.

आमचा ग्रुप बाराच्या वर नेत नाही. मॅचचं तिकीट, फेरा आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा त्यात येतो, ट्रेनचं तिकीट तुमचं तुम्ही (महिन्याचा डॉइचलांड पास असेल तर तो आरई गाड्यांना चालतो). मोठी बॅग आणू नका, हॉलमधे घेऊ देत नाहीत. ज्येष्ठ मंडळींना पायऱ्या नकोत तर बुकिंगलाच सांगा, खालच्या रांगा बघून ठेवतो.

आणि गाडीत बसल्यावर डब्यातल्या स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाका. कील दिसलं की मी अंगठा देते. अंगठा आला नाही तर उठा, प्लॅटफॉर्मवर उतरा आणि कील लिहिलेल्या डब्यात जा, न्यूम्युन्स्टरपर्यंत वेळ असतो.