हम्फ्रीगंजची बलिदान वेदी: स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांनाच हेर ठरवलं तेव्हा

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो, नेताजींनी तिरंगा फडकवला ते जिमखाना मैदान बघतो. पोर्ट ब्लेअरबाहेरच्या हम्फ्रीगंजला मात्र त्याची पावलं क्वचितच वळतात. तिथे ‘बलिदान वेदी’ आहे. ३० जानेवारी १९४४ रोजी जपान्यांनी ४४ भारतीयांना सेल्युलर जेलमधून काढून इथे आणलं, गोळ्या घातल्या आणि इथेच पुरलं.

मारणारे इंग्रज नव्हते, म्हणूनच बहुधा ही जागा आपल्या इतिहासात नीट बसत नाही.

मार्च १९४२ मध्ये इंग्रजांनी इथली आपली फौज काढून घेतली आणि २३ मार्चला जपानी सैन्य उतरलं. प्रतिकार झाला नाही. जपानी लोक ‘आशिया आशियाई लोकांचा’ म्हणत आले होते, त्यामुळे काहींना आशाही वाटली असेल. ती आशा दोन-तीन दिवसच टिकली. सैनिक घरांत शिरून कोंबड्या, सामान उचलू लागले, तेव्हा झुल्फिकार अली या तरुणाने छऱ्यांच्या बंदुकीतून बार काढला. कोणाला इजा झाली नाही. तरीही सैनिकांनी घरं जाळली, त्याला पकडलं, लोकांच्या देखत त्याचा हात पिळून मोडला आणि मग गोळी घातली. एका छऱ्याची ही किंमत!

पुढे संशयाचं भूत शिरलं. अंदमानच्या आसपास जपानी जहाजं बुडत होती, म्हणजे कोणीतरी आतून बातम्या देतंय, असं आरमारी अधिकाऱ्यांनी धरलं. बेटावर इंग्रजांचे हेर खरोखर होते. पोर्ट ब्लेअरमध्येच पूर्वी पोलीस अधिकारी असलेले मेजर मॅकार्थी जानेवारी १९४३ मध्ये पाणबुडीतून आपल्या माणसांसह गुपचूप उतरले आणि जंगलात राहिले. ते जपान्यांच्या हाती लागले नाहीत. हाती लागली ती गावातली माणसं. डॉक्टर, कारकून, शिक्षक, पोलीस, व्यापारी असे शिकले-सवरलेले लोक उचलले गेले आणि मारहाणीतून मिळालेले कबुलीजबाब पुरावा ठरले.

डॉ. दिवाणसिंग हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. पेशाने डॉक्टर, पंजाबीतले नामवंत कवी आणि इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या पोर्ट ब्लेअर शाखेचे प्रमुख. ही तीच लीग, जिच्या बळावर पूर्व आशियात आझाद हिंदचं काम उभं राहिलं होतं. म्हणजे जपानच्या मित्रपक्षाचाच हा माणूस! ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना अटक झाली.

नेताजी २९ डिसेंबरला पोर्ट ब्लेअरला पोहोचले. दुसऱ्या दिवशी जिमखाना मैदानावर तिरंगा चढला, बेटांना ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावं मिळाली. त्या घडीला दिवाणसिंग सेल्युलर जेलमध्ये छळ सोसत होते. जपान्यांनी नेताजींना तुरुंग दाखवला, पण या कैद्यांची गाठ पडू दिली नाही. हे लिहितानाही गळा दाटून येतो. १४ जानेवारी १९४४ ला दिवाणसिंग गेले. पुढच्या पंधरवड्यात त्या ४४ जणांना हम्फ्रीगंजला नेलं. त्यांतलेही बरेच जण लीगचेच होते. तिरंगा फडकल्याला तेव्हा बरोबर एक महिना झाला होता.

कर्नल लोगनाथन यांना नेताजींनी बेटांचे प्रशासक नेमलं, पण पोलीस आणि खरी सत्ता जपानी आरमाराने सोडली नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये अन्न संपत आलं, तेव्हा शेकडो लोकांना शेती करायला नेतो म्हणून बोटींत बसवून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकललं. त्यातून वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्रज परतले आणि जपान्यांनी शरणागती पत्करली ती त्याच जिमखाना मैदानावर. काही अधिकाऱ्यांवर सिंगापुरात खटले चालले. हॅवलॉकला २०१८ पासून ‘स्वराज द्वीप’ म्हणतात, पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून ‘श्री विजयपुरम’ झालं आहे.

३० जानेवारीला सारा देश गांधीजींसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. हम्फ्रीगंजच्या वेदीवर त्याच दिवशी त्या ४४ जणांसाठी फुलं वाहिली जातात.