हातगुणाचं ओझं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांत चांगल्या डॉक्टरबद्दल लोक एकच गोष्ट सांगतात, "त्यांना हातगुण आहे." औषध तेच, सुई तीच, पण गुण येतो तो त्यांच्याच दवाखान्यात. माझ्या वडिलांनी खानापूर तालुक्यातल्या एका बाजारगावात तीसेक वर्षं दवाखाना चालवला आणि हे कौतुक रोज ऐकलं. हातगुण एकदा मानला की बिघडलेल्या केसचा हिशेबही त्याच हातावर येतो. निदान चुकेल, डोस चुकेल, कुणीतरी जिवानिशी जाईल, ही भीती आज तालुक्यातले फॅमिली डॉक्टर उघडपणे बोलून दाखवतात. तिचं खापर सहसा कोर्टकचेऱ्यांवर फोडलं जातं. ती त्याहून जुनी आहे, कायद्यानं तिला नवीन वळण दिलं, असं मला वाटतं.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. मुंबईत १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स सुरू झालं होतं. त्याची 'एलसीपीएस' पदविका घेतलेले डॉक्टर या भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवतात. अवघड केस असली की अथणी, रायबागची माणसं मिरज गाठायची, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन हॉस्पिटलात. बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज झालं ते १९६३ मध्ये. पावसाळ्यात मलप्रभेला पाणी आलं की खेड्यातल्या पेशंटला डॉक्टर एकच आणि डॉक्टरला सल्ला विचारायला कुणीच नाही. माणूस दगावला तर घरचे म्हणायचे, "त्याची वेळ भरली होती." डॉक्टर तिरडीला खांदा द्यायचे. कोर्ट कुणाच्या मनातही यायचं नाही. घरच्यांची समजूत अशी पटकन पटायची, डॉक्टरची पटायची नाही.

हे मी घरात पाहिलंय. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ संध्याकाळी दवाखान्यात आले. "डॉक्टर, पोटात नुसती आग पडलीय, एक सुई मारा की." वय पन्नाशीचं, आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालेलं. बाबांनी पोट दाबून बघितलं, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, पातळ औषध दिलं. पहाटे ते गेले. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पुष्कळदा असा पोटातल्या जळजळीचं सोंग घेऊन येतो. ईसीजी काढला असता तर कदाचित कळलं असतं, पण मशीन होतं बेळगावला. त्या घरच्यांनी बाबांना एका शब्दानं विचारलं नाही. उलट तेराव्याचं ताट घरी पोचवलं. बाबा जेवले नाहीत. त्यानंतर कितीतरी महिने ते दवाखान्यात जाताना त्या घरावरून जायचे नाहीत, मारुतीच्या देवळामागून वळसा घालायचे. रात्री जेवताना मध्येच उठायचे आणि सकाळी सुई दिलेल्या पेशंटच्या दारात स्कूटर थांबवून म्हणायचे, "इकडूनच चाललो होतो, म्हटलं बघून जावं."

फॅमिली डॉक्टरची भीती मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरपेक्षा वेगळी असते ती इथं. सर्जनला पेशंटचं घर माहीत नसतं. गावातल्या डॉक्टरला त्याची बायको, पोरं, सोसायटीचं कर्ज, सगळं माहीत असतं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात तीच माणसं समोर येतात. शिवाय त्याच्याकडे आजार येतो तो कोवळा असताना, चेहरा न उमटलेला. भातकापणीच्या दिवसांत पहाटे पोटदुखी आणि घशाशी आवळल्यासारखं होतंय म्हणून आलेल्या माणसाला रात्री झोपेत मण्यार चावलेली असू शकते. तिच्या दंशाला ना सूज, ना फारशी खूण. पापण्या जड व्हायला लागेपर्यंत ती पोटदुखीच वाटते.

आता कायद्याचं. डॉक्टरच्या हलगर्जीपणावर सर्वोच्च न्यायालयानं दिलेला एक जुना आणि आजही आधाराला घेतला जाणारा निकाल कोकणातल्या मुलाच्या मृत्यूवरचा आहे. १९५३ च्या मे महिन्यात पालशेतच्या किनाऱ्यावर त्याची मांडी मोडली, त्याला पुण्याला नेलं, तिथं उपचारानंतर तो गेला. खटला लढणारे वडील स्वतः दापोलीचे डॉक्टर होते. १९६८ च्या निकालात न्यायालयानं डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: केस घ्यावी की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो देताना, तिन्ही वेळी रास्त काळजी घेणं. गावच्या दवाखान्यापर्यंत या निकालाची धग मात्र लवकर पोचली नाही.

ती पोचली १९९५ मध्ये. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. १३ नोव्हेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत आणली. ज्यांचा घरचा माणूस खरोखर हलगर्जीपणानं गेला त्यांना दाद मागायला जागा मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. पण 'डॉक्टर आणि गिऱ्हाईक' हे शब्द एका वाक्यात आल्याचं बाबांच्या पिढीच्या जिव्हारी लागलं. फी थकली तरी कधी मागितली नाही, आता पावती द्यायची, केसपेपर जपायचे.

पुढच्याच वर्षी होमिओपॅथीच्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिल्याच्या मुंबईतल्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की जी पद्धत शिकलेली नाही तिचे उपचार करणं हाच हलगर्जीपणा. सीमाभागातल्या खेड्यांत ताप-खोकल्याला पहिला आधार असतो तो बीएएमएस, बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद आणि होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरांचाच. अशा डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं द्यावीत की नाही, हे १९९८ च्या निकालानं राज्याच्या परवानगीवर सोपवलं, आणि ती परवानगी त्या राज्यापुरतीच. म्हणजे सीमेवरच्या रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच गोळीचा अर्थ वेगळा होऊ शकतो. अशा डॉक्टरला चूक होण्याआधीच चुकल्यासारखं वाटत राहतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या ५ ऑगस्ट २००५ च्या निकालानं थोडा दिलासा दिला. फौजदारी गुन्ह्याला ढोबळ, अक्षम्य हलगर्जीपणा लागेल, आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असं त्यात आहे. कारवाईच्या धास्तीनं हात थरथरणाऱ्या सर्जनकडून शस्त्रक्रिया नीट होणार नाही, असंही न्यायालयानं लिहिलं. भीतीचा शेवटी पेशंटलाच फटका बसतो, हे यात स्पष्ट मान्य झालं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये हा विषय थेट बेळगावच्या रस्त्यावर आला. तिथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं आणि कर्नाटक सरकार खासगी वैद्यकीय संस्थांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती आणत होतं. मसुद्यात तुरुंगवासाची तरतूद होती. राज्यभरातले डॉक्टर बेळगावात जमले, खासगी ओपीडी बंद पडल्या, पेशंटचे अतोनात हाल झाले. शेवटी मसुदा बराच सौम्य होऊन संमत झाला. दवाखाने बंद ठेवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण मोर्चातल्या चेहऱ्यांवर जी धास्ती होती ती खोटी नव्हती.

२०१८ चा रत्नागिरीचा मामला खेड्यातल्या डॉक्टरांना अधिक झोंबला. बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात डॉक्टरांनी न तपासता फोनवरून औषध सांगितल्याचा मुद्दा होता आणि मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. इकडच्या डॉक्टरचं अर्धं काम फोनवर चालतं. फोन घ्यावा तर ही भीती, न घ्यावा तर रात्री पेशंटचं काय होईल ही. टेलिमेडिसिनची, म्हणजे फोनवरून उपचार देण्याची, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली ती मार्च २०२० मध्ये.

सीमेचा पेच निराळाच. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो तिथं तक्रार करू शकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा पेशंट उपचाराला बेळगावात येतो, पण तक्रार कोल्हापूरला होऊ शकते. भाषेचंही तसंच. "जीव घाबरा होतोय" म्हणणाऱ्या आजीला छातीत दुखतंय, दम लागतोय की नुसती काळजी लागलीय? कन्नड बोलणारा 'एदे उरी' (छातीत जळजळ) म्हणतो ते पित्त की हृदय? डॉक्टर दोन्ही भाषा बोलतो, पण दुखणं सांगताना माणूस आपल्या आईच्या भाषेत शिरतो, आणि चूक होते ती त्या फटीत.

या सगळ्यातून 'चिठ्ठी' वाढली. "पुढं न्या" असं लिहून बेळगाव, मिरज, कोल्हापूर. कधी ती अगदी योग्य असते. कधी ती नुसती भीतीपोटी लिहिलेली असते आणि उसाचं बिल यायच्या आधीच घरातलं सोनं गहाण पडतं. हे डॉक्टरला कळतं, आणि त्याचीही टोचणी वेगळी.

जगात या दुखण्याला नाव मिळालं ते उशिरा. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या ग्रामीण भागात काम केलेल्या डेव्हिड हिलफिकर या फॅमिली डॉक्टरनं १९८४ मध्ये स्वतःच्या चुका नावानिशी छापल्या. २००० मध्ये अल्बर्ट वू यांनी चूक घडलेल्या डॉक्टरला 'दुसरा बळी' म्हटलं. पहिला बळी पेशंट आणि त्याचं घर. या शब्दावर काही पेशंटच्या नातेवाइकांचा आक्षेप आहे आणि मला तो समजतो. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या रांगेत डॉक्टरला उभं करणं कठीणच. पण झोप उडालेला, सकाळी आठला पुन्हा खुर्चीत बसणारा डॉक्टर पुढच्या पेशंटलाही धोक्याचा असतो, म्हणून त्याची विचारपूस व्हायलाच हवी.

मोठ्या हॉस्पिटलात दगावलेल्या पेशंटच्या केसवर बैठक होते. एकट्याच्या दवाखान्यात ती कुणाबरोबर करायची? तालुक्याच्या डॉक्टरांच्या सभेत नव्या औषधावर व्याख्यान असतं. व्हॉट्सॲपवर ईसीजीचा फोटो टाकून मत विचारतात, आणि ही सोय फार मोलाची आहे. "माझ्याकडून चुकलं" असं तिथं कुणी लिहीत नाही, कारण लिहिलेलं उद्या पुरावा म्हणून पुढं येईल ही धास्ती. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर सगळ्यांसाठी आहे, पण डॉक्टर तो पेशंटला लिहून देतात, स्वतः लावत नाहीत. फोन बाजूला ठेवून, दार लावून, समव्यवसायींनी महिन्यातून एकदा बिघडलेल्या केसवरच बोलावं, अशी बैठक खानापुरात, निपाणीत, चिक्कोडीत सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं.

बाबांनी त्या पहाटेनंतरच्या वर्षी कर्ज काढून जुनं ईसीजी मशीन घेतलं. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठंही दुखतंय म्हणणाऱ्याला ते आधी त्या टेबलावर झोपवायचे, वेगळे पैसे न घेता. का, ते त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं ते दवाखान्याची पाटी उतरवली त्या दिवशी.